एमपॉक्स, देवीचा वण आणि दुबईहून येणारा भाऊ

प्रश्न वाळपईजवळून आला आहे. थोडक्यात असा: "आमची काजूची बागायत आहे, त्यामुळे माकडतापाची धास्ती दरवर्षीचीच. धाकटा भाऊ दुबईत असतो, चवथीला घरी येणार आहे. तिकडे मंकीपॉक्स असल्याचं ऐकते. हे दोन्ही आजार एकच का? आईला लहानपणी देवीची लस टोचली आहे, दंडावर वण आहे. तिला भीती नाही ना? औषध, लस निघाली का? भावाला विमानतळावर तपासतील का? आणि एवढं संशोधन चाललंय म्हणतात, त्यातून आपल्यासारख्यांच्या हाती काय आलं?"

मी गोव्यात त्वचारोग आणि लैंगिक आजारांच्या ओपीडीत बरीच वर्षं काम करतो आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

माकडताप आधी बाजूला काढू. तो वेगळा आजार, वेगळा विषाणू. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हा तो सापडला. आपल्या सत्तरी तालुक्यात तो २०१५ पासून आहे, पुढच्याच वर्षी पलीकडे दोडामार्ग तालुक्यातही पोचला. गोचीड चावल्याने तो होतो, एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, आणि त्यात अंगावर फोड येत नाहीत. जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि काहींना रक्तस्राव. बागायतीत मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, काजूच्या हंगामात अंग झाकून, गोचिडी दूर ठेवणारं तेल लावून जायचं, हे तुम्ही करतच असाल. ते तसंच चालू ठेवा. पण एमपॉक्सशी (मंकीपॉक्सचं हे आताचं नाव) त्याचा संबंध नाही, आणि आपल्या रानातल्या माकडांचा तर मुळीच नाही.

एमपॉक्सचा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातला. १९५८ मध्ये कोपनहेगनच्या एका संशोधन संस्थेत सिंगापूरहून आणलेल्या माकडांच्या अंगावर फोड आले आणि त्यात तो पहिल्यांदा दिसला. नाव तिथून पडलं. माकडं आपल्यासारखीच त्याला बळी पडतात. रानात तो मुख्यतः मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या खारी, उंदीर अशा लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत असावा असं मानतात. १९८५ मध्ये झाइरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, एका आजारी रानखारीतून तो मिळाला होता. २००३ मध्ये अमेरिकेत ४७ जणांना लागण झाली तीही घानाहून आणलेल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमुळे. त्यांच्याजवळ ठेवलेली प्रेअरी डॉग नावाची जनावरं लोकांनी पाळायला नेली होती.

माणसातली पहिली नोंद १९७० ची. तेव्हाच्या झाइरमधल्या बासनकुसू इथलं नऊ महिन्यांचं मूल, देवीची लस न टोचलेलं. आजूबाजूची देवी संपत आली होती, म्हणूनच हा वेगळा आजार डोळ्यांत भरला. तुमच्या आईच्या दंडावरच्या वणाचा प्रश्न इथेच येतो.

देवी संपली तशी लस बंद झाली. भारतात शेवटचा रुग्ण १९७५ चा, जगभरातून निर्मूलनाची घोषणा १९८० ची. देवीची लस एमपॉक्सपासूनही बरंच संरक्षण देत होती. १९८० च्या दशकात झाइरमध्ये घराघरांतून गोळा केलेल्या माहितीवरून ते सुमारे ८५ टक्के असल्याचा अंदाज निघाला. लस बंद झाल्यावर जन्मलेल्या पिढ्यांना ते संरक्षण मिळालंच नाही. अॅन रिमोइन या अमेरिकी साथरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या काँगोतल्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की त्याच भागात एमपॉक्सचं प्रमाण १९८० च्या दशकाच्या तुलनेत सुमारे २० पटींनी वाढलं आहे. त्या कामाकडे तेव्हा जगाने द्यायला हवं होतं तेवढं लक्ष दिलं नाही. बारा वर्षांनी तोच आजार शंभराहून अधिक देशांत पोचला.

तर आईला थोडं कवच आहे, पूर्ण नाही. २०२२ च्या साथीत १६ देशांतल्या ५२८ रुग्णांचा जो अभ्यास झाला, त्यातल्या सुमारे ९ टक्के लोकांनी देवीची लस घेतलेली होती, तरी त्यांना लागण झाली. म्हणजे घरात रुग्ण असेल तर आईनेही सगळी काळजी घ्यायची. भावाला मात्र काहीच कवच नाही. त्याच्या जन्माच्या आधीच ती लस थांबलेली असणार.

आता संशोधनाचं. गेल्या काही वर्षांत जे कळलं त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती जरा सविस्तर सांगतो.

या विषाणूचं जनुकीय द्रव्य म्हणजे सुमारे १,९७,००० अक्षरांची डीएनएची साखळी. असे मोठे डीएनए विषाणू सावकाश बदलतात, वर्षाला एखाद-दुसरं अक्षर. पण २०२२ च्या मे महिन्यात पोर्तुगालमधल्या संशोधकांनी तिथल्या रुग्णांचा विषाणू वाचला, २०१८-१९ च्या विषाणूशी ताडून पाहिला, तर फरक सुमारे ५० ठिकाणी निघाला. अपेक्षेच्या सहा ते बारा पट. आणि हे बदल वाट्टेल तसे विखुरलेले नव्हते. बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीची खाडाखोड होती. माणसाच्या पेशींत अपोबेक-३ नावाचे विकर असतात. शिरलेल्या विषाणूच्या डीएनएमधलं एक ठरावीक अक्षर बदलून त्याला निकामी करायचा प्रयत्न ते करतात. त्यातून जे विषाणू तगतात, त्यांच्या अंगावर त्या झटापटीच्या खुणा राहतात, आणि पुढच्या प्रत्येक रुग्णात त्या साचत जातात. प्राण्यांतून थेट आलेल्या विषाणूत अशा खुणा क्वचितच दिसतात.

त्या खुणा मोजून मागे जाता येतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून कळलं की ही शाखा किमान २०१६ पासून माणसांतच, माणसाकडून माणसाकडे फिरते आहे. तोवर पुस्तकांत शिकवलं जायचं की हा जंगलातून येणारा आजार आहे, माणसांत दोन-चार जणांपर्यंत पोचून विझतो. जगाला २०२२ मध्ये बातमी कळली तेव्हा साखळी सुरू होऊन सहा वर्षं झाली होती.

आणि ती सुरू असताना एका डॉक्टरने ती पाहिलीही होती. नायजेरियात १९७८ नंतर या आजाराचा रुग्ण नोंदलेला नव्हता. २०१७ च्या सप्टेंबरात बायेल्सा राज्यातल्या विद्यापीठाच्या इस्पितळात ११ वर्षांचा एक मुलगा आला, आणि डॉ. डिमी ओगोइना यांनी आजार ओळखला. नंतर येणारे रुग्ण मात्र बहुतेक तरुण पुरुष होते, शहरी, प्राण्यांशी संबंध न आलेले, आणि अनेकांच्या जननेंद्रियांवर फोड होते. लैंगिक संबंधांतून हा पसरत असावा, असं त्यांनी २०१९ मध्येच लिहून ठेवलं. त्यांनी रुग्णाला नीट तपासलं, त्याला नीट विचारलं आणि त्याने जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवला. माझ्या विषयातल्या प्रत्येक तरुण डॉक्टरला मी हे उदाहरण सांगतो.

२०२२ मध्ये त्यांचं म्हणणं खरं ठरलं. वर सांगितलेल्या ५२८ रुग्णांत ९५ टक्क्यांना लागण लैंगिक संबंधांतून झाल्याचं दिसलं, आणि त्यांतले बहुतेक सगळे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष होते. पण हा 'त्यांचा' आजार समजू नये. विषाणू माणूस पाहत नाही, कातडीला कातडी लागणं पाहतो. त्याचा पुरावा लगेच मिळाला: २०२३ मध्ये काँगोच्या पूर्वेला, कामितुगा नावाच्या सोन्याच्या खाणींच्या गावात दुसरी शाखा वर आली, तिला क्लेड एक-ब म्हणतात. ती स्त्री-पुरुष संबंधांतून पसरली, मग घराघरांत, मुलांत. तिच्यातही अपोबेक-३ च्या त्याच खुणा सापडल्या. १४ ऑगस्ट २०२४ ला जागतिक आरोग्य संघटनेने दुसऱ्यांदा आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ती या शाखेमुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये ती उठवली. आणीबाणी उठली म्हणून विषाणू गेलेला नाही.

भारतात पहिला रुग्ण १४ जुलै २०२२ ला केरळात नोंदला गेला, आखातातून आलेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याच महिन्यात विषाणू वेगळा काढून वाढवला. तपासण्या आणि लशी पारखायला तो हाताशी असणं ही मोठी गोष्ट असते. केरळच्या पहिल्या रुग्णांतला विषाणू युरोपात पसरलेल्या उपशाखेचा नव्हता, निराळ्या उपशाखेचा होता, हेही त्यांनीच दाखवलं. त्याच महिन्यात दिल्लीत परदेशी न गेलेला रुग्ण सापडला. क्लेड एक-ब भारतात सप्टेंबर २०२४ मध्ये आली, पुन्हा केरळात, पुन्हा आखातातून. गल्फला जाणारी-येणारी घरं गोव्यातही गावोगाव आहेत, जहाजांवर काम करणारे तारवटीही आहेत. तेव्हा तुमची काळजी अस्थानी नाही.

विमानतळाबद्दल मात्र फार भरवसा ठेवू नका. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २१ दिवसांपर्यंत लागू शकतात. शिवाय काही जण लक्षणं दिसण्याच्या एक ते चार दिवस आधीच दुसऱ्याला लागण देऊ शकतात, असं २०२२ च्या अभ्यासांतून दिसलं. मोपा असो की दाबोळी, ताप मोजणारं यंत्र अशा माणसाला कसं ओळखणार? आणि पँटच्या आत एकच फोड असेल तर ते कोणीच ओळखणार नाही. हा आजार सापडतो तो डॉक्टरच्या खोलीत, दार लावून, कपडे काढून तपासल्यावर.

तिथेही चुकायला जागा पुष्कळ. कांजिण्या आपल्याकडे सर्रास, मुलांतला हात-पाय-तोंडाचा आजारही. कांजिण्यांचे फोड वरवरचे, छाती-पाठीवर जास्त, आणि एकाच ठिकाणी ताजे, पिकलेले, खपली धरलेले असे सगळे एकत्र दिसतात. एमपॉक्सचे फोड खोल, टणक, मध्यभागी खळगा असलेले, तळहात-तळपायांवरही येणारे, आणि बहुधा एका भागातले सगळे एकाच अवस्थेत. सोबत मानेत, काखेत किंवा जांघेत दुखणाऱ्या गाठी. जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं आणि जवळ फोड आहे, तर मी आधी हाच विचार करतो. पण २०२२ पासून हे वर्णनही पुरेसं राहिलेलं नाही. त्या ५२८ पैकी ६४ टक्के रुग्णांना दहापेक्षा कमी फोड होते, आणि ५४ जणांना जननेंद्रियावर फक्त एकच. असा एकुलता फोड उपदंश किंवा नागीण समजून सहज निसटतो. म्हणून खात्री पीसीआरनेच करावी लागते, आणि नमुना फोडाचा लागतो: काडी फोडावर जोराने घासून घेतलेला किंवा खपली. नुसत्या रक्तावर विसंबता येत नाही, कारण रक्तात विषाणू थोडेच दिवस असतो. एक गोष्ट तपासणाऱ्यांसाठी: क्लेड एक-ब मध्ये जनुकाचा एक तुकडा गळलेला आहे, आणि क्लेड एक ओळखणारी एक जुनी चाचणी नेमकी त्याच तुकड्यावर बेतलेली होती. विषाणू वाचत राहिलं नाही तर चाचण्याही आंधळ्या होतात.

औषधाचं उत्तर निराशेचं आहे, पण त्यात एक चांगली गोष्ट दडली आहे. टेकोव्हिरिमॅट नावाच्या गोळ्यांवर सगळ्यांची आशा होती. विषाणू पेशीतून बाहेर पडण्याआधी स्वतःभोवती एक आवरण गुंडाळून घेतो. हे औषध ती गुंडाळणीच अडवतं. देवीसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून, कारण देवीचे रुग्णच उरले नव्हते. मग काँगोत ५९७ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली: निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. २०२४ मध्ये निकाल आला. फोड बरे व्हायला दोन्ही गटांत सारखेच दिवस लागले. २०२२ मध्ये जगभर पसरलेल्या शाखेवरच्या चाचणीतही उपयोग दिसला नाही आणि ती त्याच वर्षी आवरती घेतली.

पण काँगोच्या त्या चाचणीत मृत्यू १.७ टक्के झाले. एरवी तिथे हे प्रमाण ३.६ टक्के किंवा त्याहून जास्त असतं. औषध घेतलेले आणि न घेतलेले, दोघांतही मृत्यू कमी. कारण त्या सगळ्यांना इस्पितळात ठेवून नीट सांभाळलं होतं: वेदना कमी करणं, पोटात अन्न-पाणी जाईल याची काळजी, फोडांत दुसरे जंतू शिरले तर वेळेवर प्रतिजैविकं, डोळ्यांकडे लक्ष. हे सगळं आपल्या कुठल्याही बऱ्या इस्पितळात होऊ शकतं. त्यासाठी नवं औषध येईपर्यंत थांबावं लागत नाही. रुग्ण मात्र वेळेवर पोचायला हवा.

वेळेवर न पोचण्याने कोणाचं सर्वांत जास्त नुकसान होतं, तेही संशोधनातून स्पष्ट झालं. २०२३ मध्ये एचआयव्ही असलेल्या आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या ३८२ एमपॉक्स रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २७ मृत्यू झाले, आणि ते सगळे सीडी-४ पेशी (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) २०० च्या खाली गेलेल्यांत. एचआयव्हीची गोळी नियमित घेणाऱ्याला, पेशी चांगल्या असणाऱ्याला एवढा धोका नाही. म्हणून एमपॉक्सचा संशय आला की एचआयव्हीची तपासणी करायची. सरकारी इस्पितळांत ती मोफत आणि गोपनीय होते.

गोपनीयतेवर मी अडून बसतो, त्याला गोव्यातला इतिहास कारण आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं आणि त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्याखाली त्याला पोलिसांकरवी पकडून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. तो कोर्टात गेला, लढला, पुढे त्याने एचआयव्हीग्रस्तांसाठी पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभारली आणि १९९२ मध्ये गेला. त्याला कोंडल्याने गोव्यात एचआयव्ही एका माणसानेही कमी झाला नाही. तपासणीला जायची भीती मात्र अनेकांच्या मनात बसली. त्या भीतीचे रुग्ण मी नंतर कित्येक वर्षं पाहिले, फार उशिरा आलेले. एमपॉक्सच्या बाबतीत हे पुन्हा होऊ नये असं मला मनापासून वाटतं. जननेंद्रियावर फोड आलेला तरुण पहिल्यांदा फार्मसीत जाऊन मलम मागतो, कारण तिथे कोणी काही विचारत नाही. तो आमच्याकडे यायला हवा असेल तर त्याचं नाव वाड्यावर फुटणार नाही याची खात्री आम्ही द्यायला हवी.

लस आहे, आणि ती चांगली आहे. एमव्हीए-बीएन. तिच्यातला विषाणू म्युनिकमध्ये अँटन मायर यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत पाचशेहून अधिक वेळा वाढवून इतका दुबळा केला की माणसाच्या शरीरात तो वाढतच नाही. त्यामुळे आईच्या वेळच्या लशीसारखा वण नाही, आणि एचआयव्ही असलेल्यांनाही देता येते. २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस. अमेरिकेतल्या अभ्यासांत दोन डोसांनी ६६ ते ८९ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं, एका डोसाने बरंच कमी. रुग्णाशी संपर्क आल्यावर चार दिवसांत दिली तर आजार टळू शकतो. जपानची एलसी-१६ नावाची दुसरी लस लहान मुलांसाठी उपयोगी आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२४ मध्ये एमव्हीए-बीएनच्या उत्पादनासाठी करार केला, ही आपल्या दृष्टीने आशेची बाब. पण ही लस सगळ्यांनी घ्यायची नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तसं सांगत नाही. ज्यांचा संपर्क आला आहे किंवा येण्याची शक्यता जास्त आहे त्यांच्यासाठी ती आहे. तुम्ही, आई, घरातली मुलं यांना आज तिची गरज नाही.

भावाला आत्ताच फोन करून हे सांगा. निघण्याआधीच्या तीन आठवड्यांत कोणाच्या अंगावरच्या फोडांशी संपर्क आला असेल, नव्या जोडीदाराशी संबंध आला असेल, आणि आता स्वतःला ताप, गाठी किंवा एखादा फोड असेल, तर प्रवास पुढे ढकलून तिथेच दाखवायचं. काही नसेल तर बिनधास्त यावं, चवथ करावी, माटोळी बांधावी. आल्यावर तीन आठवड्यांत कुठेही, अगदी लाज वाटेल अशा जागीसुद्धा, फोड आला तर त्याने मलम न लावता थेट आरोग्य केंद्रात जावं आणि दुबईहून आलो आहे हे पहिल्या वाक्यात सांगावं. काय विचारायचं आणि नमुना कुठे पाठवायचा हे तिथले डॉक्टर पाहतील. तुम्ही त्याला कुठून झालं, कोणाकडून झालं हे विचारू नका. ते त्याला डॉक्टरला सांगू द्या.

आजार निघालाच आणि घरी राहायला सांगितलं, तर वेगळी खोली, वेगळा टॉवेल, वेगळी चादर. फोड झाकलेले. त्याची चादर झटकायची नाही, कारण खपल्यांचा चुरा उडतो. ती अलगद गुंडाळून साबणाच्या गरम पाण्यात टाकायची, हातमोजे घालून, नंतर हात धुऊन. अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या घरात पृष्ठभागांवर १५ दिवसांनंतरही जिवंत विषाणू सापडला होता, म्हणून खोली ब्लीचच्या पाण्याने पुसायची. साबण आणि ब्लीच दोन्हींना हा विषाणू दाद देतो. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत, पोटातल्या बाळाला आणि तान्ह्यांना हा आजार जड जातो. फोड डोळ्याजवळ आला, गिळता येईना, श्वास लागला किंवा तो भ्रमिष्टासारखं बोलू लागला, तर घरी थांबायचं नाही, सरळ बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात न्यायचं. बाकी बहुतेक जण दोन ते चार आठवड्यांत बरे होतात. शेवटची खपली पडून खाली नवी कातडी येईपर्यंत मात्र तो दुसऱ्याला लागण देऊ शकतो. ताप गेला म्हणून आईच्या शेजारी जेवायला बसवू नका.